चौकोन, प्रश्नचिन्ह आणि ळ

माणसाला होणाऱ्या तापांचे आपल्या जुन्या लोकांनी तीन प्रकार सांगून ठेवले आहेत: आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक. कॉम्प्युटरवर मराठी न दिसणे हा ताप यांतल्या कोणत्या खात्यात टाकावा, यावर मी बराच विचार केला आहे. सुरुवातीला तो आधिभौतिक वाटतो. माणूस वायर हलवून पाहतो, पडदा पुसतो, यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो. तासाभराने तो आधिदैविक वाटू लागतो, म्हणजे हे यंत्र घरात आणले त्या दिवशी अमावास्या होती का याची चौकशी सुरू होते. आणि रात्री साडेअकराला, घरातले सगळे झोपल्यावर, लग्नपत्रिकेच्या जागी पडद्यावर नुसत्या चौकोनांची रांग बघत माणूस एकटाच बसलेला असतो, तेव्हा तो ताप निखळ आध्यात्मिक होतो. आपण लिहिले ते खरे, की हे दिसते आहे ते खरे? या एका प्रश्नासाठी पूर्वी लोक घरदार सोडून हिमालयात जात. आता घरबसल्या सोय झाली आहे.

जळगावात आमच्या कॉलनीत या तापावरचा वैद्य म्हणून माझे नाव आहे. शिक्षण म्हणाल तर काही नाही. पण गावात डॉक्टर नसला म्हणजे कंपाउंडरला जो मान मिळतो, तो मला मिळतो. लोक सोसायटीची नोटीस घेऊन येतात, सत्यनारायणाचे आमंत्रण घेऊन येतात. एक गृहस्थ मुलीची माहिती घेऊन आले. त्यात ‘अपेक्षा’ या शब्दापुढे ओळीने डॉलरची चिन्हे उमटली होती. मला वाटले, बरोबरच आहे, मुलगा अमेरिकेतला हवा असेल. पण तो फॉन्टचा दोष निघाला. हल्ली मोबाइल आल्यापासून नवे रोगी कमी झाले आहेत. जुनाट दुखणी मात्र अजून येतात, आणि ती अशा माणसांच्या कपाटांतून येतात की ज्यांना आता काही विचारता येत नाही. त्यांतल्याच एका दुखण्याविषयी मला सांगायचे आहे. पण आधी थोडे शरीरशास्त्र.

कॉम्प्युटरला अक्षर ओळखता येत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. या बाबतीत तो जुन्या सावकारांसारखा आहे. तुम्ही ‘क’ची कळ दाबली की तो वहीत एक आकडा टाकतो, आणि दाखवायची वेळ आली की त्या आकड्यासमोर फॉन्टात जे चित्र असेल ते काढून दाखवतो. चित्र हे कपडे, आकडा हा देह म्हणा, किंवा चित्र हा देह आणि आकडा हा आत्मा म्हणा; आपापल्या संप्रदायाप्रमाणे घ्यावे. आता गंमत अशी, की जुन्या काळी एका फॉन्टात आकड्यांची घरे होती २५६, आणि त्यांतल्या खालच्या १२८ घरांत इंग्रजी अक्षरे आधीच संसार थाटून बसली होती. मराठीला जागा हवी होती. तेव्हा आपल्याकडच्या हुशार लोकांनी काय केले, की इंग्रजी अक्षरांचे आकडे तसेच ठेवले आणि त्यांच्या अंगावर मराठी अक्षरांचे कपडे चढवले. जोडाक्षरांची सोय वरच्या १२८ घरांत, जिथे जागा मिळेल तिथे. म्हणजे बाहेरून मराठी, आतून इंग्रजी. मुलांना इंग्रजी शाळेत घालून २७ फेब्रुवारीला फेटे बांधणाऱ्या आम्हा मध्यमवर्गीयांचे याहून नेमके चित्र कुठल्या व्यंगचित्रकाराला जमले असते असे मला वाटत नाही.

कपडे जागेवर आहेत तोवर सगळे ठीक चालते. कृतिदेव नावाच्या, टाइपरायटरच्या कळपाटावर बेतलेल्या फॉन्टात तुम्ही ‘राम’ लिहिलेत की आत जे, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरे साठतात. ज्याच्या यंत्रात तो फॉन्ट आहे त्याला राम भेटतो. ज्याच्याकडे नाही त्याला जेकेई भेटतो. ‘आई’ लिहिली तर आत व्ही, के, बी, झेड. म्हणजे मुलाने मोठ्या प्रेमाने आईला हाक मारली, आणि फॉन्ट नसलेल्या घरी ती पोचली व्हीकेबीझेड होऊन. बरे, प्रत्येक फॉन्टवाल्याने घरांची वाटणी आपापल्या मर्जीने केलेली. एकाचा ‘म’ तो दुसऱ्याचा पूर्णविराम. यावर उपाय निघाला नव्हता असे नाही. इस्की नावाचे भारतीय प्रमाण होते. पुढे १९९१ साली युनिकोड आले आणि त्या प्रमाणाच्याच आखणीवर देवनागरीला १२८ घरांची स्वतंत्र आळी मिळाली. ‘क’ला २३२५ हा आकडा कायमचा मिळाला, मग फॉन्ट कुणाचाही असो. विंडोज २००० पासून हे साध्या यंत्रांतही आले. एक्सपीमध्ये त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे. ती केली की यंत्र मूळ सीडी मागे, आणि ती सीडी नेहमी विकणाऱ्याकडे राहिलेली असे. खूण न करता काम चालवले तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राही. कारण आत साठवताना आधी ‘क’ आणि मग ‘इ’ असाच क्रम असतो, आपण बोलतो तसा. डोळ्यांना ती आधी दाखवायची हा वरचा शिष्टाचार. शिष्टाचार न शिकलेले यंत्र खरे बोलत होते आणि आम्ही त्याला बिघडलेले म्हणत होतो.

पण मला अधिक विचार करायला लावले ते दुसऱ्याच गोष्टीने. वाचता न येणारे अक्षर समोर आले की यंत्र काय करते? मी आजवर पाहिलेल्या सगळ्या केसेस तीन प्रकारांत बसतात.

पहिला प्रकार चौकोनाचा. आकडा मिळाला, पण त्याचे चित्र आपल्या फॉन्टात नाही, तेव्हा यंत्र एक रिकामा चौकोन काढते. इंग्रजीत याला ‘टोफू’ म्हणतात, सोयाबीनच्या पनीरच्या वडीवरून. गूगलने जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी फॉन्ट काढले, तेव्हा ‘नो टोफू’ यावरून त्यांचे नाव ‘नोटो’ ठेवले. लोक चौकोनाला फार भितात, पण खरे सांगायचे तर तो या तिघांत सर्वांत सज्जन. त्याचे म्हणणे इतकेच, की बाबा रे, इथे काहीतरी आहे. मला ते वाचता येत नाही. पण मी ते मोडलेले नाही. उद्या योग्य फॉन्ट आणा, अक्षर जसेच्या तसे उभे राहील. धुळ्याला माझ्या लहानपणी एका छापखान्यात मी तासन् तास बसत असे. तिथले कंपोझिटर एखाद्या अक्षराचे खिळे संपले की त्या जागी भलताच खिळा उलटा घालून ठेवत. प्रुफात तिथे काळा ठिपका उमटे. मी विचारले तेव्हा त्यांनी तंबाखू सावरत सांगितले, “अक्षर संपलंय. पण जागा त्याची आहे.” एवढी नीती पुढे मला पुस्तकांतही फारशी सापडली नाही.

दुसरा प्रकार कडबोळ्याचा. इथे यंत्राला आपल्याला वाचता येत नाही हेच कबूल नसते. युनिकोडातली मराठी एखाद्या जुन्या इंग्रजी सवयीच्या यंत्रापुढे गेली की एकेका अक्षराचे तीन तीन तुकडे होतात आणि ते यंत्र प्रत्येक तुकडा आपल्या पद्धतीने धडाधड वाचून दाखवते. आधी इंग्रजी ‘ए’, आणि त्याच्या डोक्यावर एक तिरपी रेघ. मात्राच ती! क्षणभर वाटते, येतेय, मराठी येतेय. पण लगेच त्याच्यामागे चार टोके फुटलेले वर्तुळ येते आणि मग वाट्टेल ते. यातही बारकावे आहेत. पहिल्या वेलांटीपर्यंतच्या अक्षरांना हे वर्तुळ लागते आणि दुसऱ्या वेलांटीपासून पुढे जपानी येनचे चिन्ह लागते. ऱ्हस्वदीर्घाची इतकी जाण मराठीच्या पेपरातही फार थोड्यांना असते. दोरीवर साप दिसतो, असे आचार्य सांगून गेले. इथे दोरी मराठीची आहे आणि साप सरसर इंग्रजीत चालतो आहे, आणि यंत्राला आपण साप पाहतो आहोत याची खातरीच आहे.

तरीही यात एक दिलासा असतो. आतले तुकडे शाबूत असतात. यंत्राला ‘हे युनिकोड आहे’ एवढे कानात सांगितले की साप जातो, दोरी उरते. तिसऱ्या प्रकारात तो दिलासाही नाही. तिसरा प्रकार प्रश्नचिन्हाचा. यात यंत्र अनोळखी आकडा पाहते, हे आपल्या यादीत नाही असे ठरवते, तो फेकून देते आणि त्या जागी स्वतःच्या हाताने एक प्रश्नचिन्ह लिहून ठेवते. चौकोन आणि प्रश्नचिन्ह दिसायला भावंडे, पण एकाने झाकून ठेवले आहे आणि दुसऱ्याने पुसले आहे. प्रश्नचिन्हावर जगातला कोणताही फॉन्ट चढवा, प्रश्नचिन्हच दिसते. मूळ अक्षर परत येत नाही. आणि मौज पाहा, चेहऱ्यावर भाव असा की जणू हेच आपल्याला काही विचारते आहे!

हे तीन प्रकार नुसत्या यंत्रात असते तर मी एवढा शाईखर्च केला नसता. आमच्या शेजारचे एक आजोबा गेली दोन वर्षे काही बोलत नाहीत. धाकट्या सुनेने सांगितले, “त्यांच्या मनात काय आहे कळत नाही.” हा चौकोन. थोरला मुलगा म्हणतो, “काही नाही, इस्टेटीवरून रुसलेत.” हे कडबोळे. आणि येणारे-जाणारे त्यांच्यासमोरच विचारतात, “हल्ली यांना काही समजत नाही ना?” ते तिसरे. आजोबा समोर बसलेले असतात, डोळे उघडे असतात. आत आकडे शाबूत आहेत की नाहीत ते त्यांचे त्यांना माहीत.

आता कुणी म्हणेल, खानदेशात बसून या गोष्टीचे एवढे काय? तर खानदेशालाच तिचे अधिक. आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या नावांत ‘ळ’ आहे. जळगाव आणि धुळे. इंग्रजांच्या फॉन्टात ‘ळ’ नव्हता. त्यांनी चौकोन काढला नाही, प्रश्नचिन्हही काढले नाही. त्यांनी शेजारचा ‘ल’ उचलून तिथे बसवला, आणि धुळ्याचे ‘धुलिया’ झाले. स्टेशनाच्या हिंदी पाटीवर ‘जलगांव’ झाले. युनिकोडातही ‘ल’चा आकडा २३५४ आणि ‘ळ’चा २३५५, अगदी भिंतीला भिंत लागून. पण शेजारी म्हणजे आपण नव्हे! परगावचा माणूस ‘जलगाव’ म्हणाला की आम्हाला राग येतो. आणि ज्या अहिराणीच्या अभिमानाने तो राग येतो, ती अहिराणी बोलणारी आमची म्हातारी माणसे काय म्हणतात? ‘जयगाव’ आणि ‘धुये’. ‘ळ’ त्यांच्याही फॉन्टात नाही. ‘डोळा’ त्यांचा ‘डोया’ होतो, ‘शाळा’ ‘शाया’ होते. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही भांडतो ते अक्षर आमच्या घरात कुणी उच्चारतच नव्हते. अभिमानाच्या गोष्टी फार खोलात जाऊन तपासू नयेत, ते अशासाठी.

पण वाचता न येणाऱ्या गोष्टीला हात कसा लावावा, हे याच मातीत लोकांनी करून दाखवले आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले. या माणसाने जन्मभर गावोगाव हिंडून मोडीतले कागद गोळा केले. ज्यांच्या माळ्यावर ते कागद होते त्यांना त्यांतले अक्षर लागत नव्हते, आणि लागत नाही ते निरुपयोगी, हा संसारी माणसाचा साधा हिशेब. राजवाड्यांचा हिशेब कंपोझिटरचा होता. अक्षर लागत नाही, पण जागा त्याची आहे. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात ते दप्तर सांभाळून आहे. मोडीला युनिकोडात स्वतंत्र आळी मिळाली २०१४ साली. घर मिळाले तेव्हा राहणारे बहुतेक गेले होते, पण हे तर माणसांच्या घरांचेही होते. आणि जळगावाशेजारच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी? त्यांची तऱ्हा सगळ्यांहून न्यारी. त्यांना अक्षरओळखच नव्हती. फॉन्ट शून्य, मजकूर उदंड. घरच्यांनी ऐकून जे टिपून ठेवले त्यातून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तक निघाले. टिपणाऱ्याने तेव्हा ‘हे असे कुठे लिहितात का’ म्हणून प्रत्येक शब्द पुणेरी करून घेतला असता तर? मला त्या विचारानेही जानेवारीत घाम फुटतो. मे महिन्यात ४५ अंशांवर तो तसाही फुटतो, ते वेगळे.

आता ते जुनाट दुखणे. माझे मामा धुळे तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी लिहायला घेतल्या: एक आपल्या आठवणी आणि दुसरी अहिराणी शब्दांची यादी. मामेभावाचे तेव्हा डीटीपीचे दुकान होते, तिथे दुपारी गिऱ्हाईक नसताना ते स्वतः बसून एका बोटाने टाइप करीत. मामा गेले, दुकान बंद झाले, यंत्र भंगारात गेले. राहिली एक फाइल. ती कुणीतरी मध्यंतरी साध्या मजकुराच्या रूपात ई-मेलने इकडून तिकडे पाठवली होती, आणि त्या प्रवासात वरच्या १२८ घरांतले बरेचसे रहिवासी वाटेत मारले गेले होते. मामेभावाने ती उघडली तर सगळी व्हीकेबीझेडची जत्रा. तो पुसूनच टाकणार होता. “खराब झालीय” म्हणाला. मी म्हटले, थांब, मी येतो. एरंडोल, पारोळे करीत एसटीने धुळ्याला गेलो.

खालच्या घरांतली अक्षरे दोन दिवसांत उभी राहिली. मामा बोलू लागले. शाळेची पडवी, तपासणीला आलेले साहेब, १९७२चा दुष्काळ, खडी फोडायला गेलेली चौथीतली पोरे. मामी शेजारी पाटावर बसून ऐकत होत्या. मध्येच उठून भरताची वांगी भाजायला जात आणि “पुढचं वाचू नको, आले मी” म्हणून बजावून जात. प्रश्नचिन्हे खूप होती, पण बहुतेकांचा निकाल सोपा होता. ‘महारा’ आणि पुढे प्रश्नचिन्ह, यात शंका कसली? ‘वि’, प्रश्नचिन्ह, ‘ार्थी’? मास्तरांच्या आठवणीत दुसरे कोण येणार! अशी दोनएकशे भोके आम्ही बिनदिक्कत बुजवली. अहिराणीच्या यादीपाशी हात जरा अडखळला. ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, ‘बठ्ठा’ म्हणजे सगळा, हे नीट उतरले होते, तरी यंत्राने त्यांच्याखाली तांबडी नागमोडी ओढ काढून आपली नापसंती कळवली. जे फुटले होते त्यांतले काही शब्द मामींना विचारून भरले. काहींना त्याही “हे आमच्याकडचं नाही, पल्याडच्या गावाकडलं असंल” म्हणाल्या. ते तसेच ठेवले.

आणि मग ते वाक्य आले. आठवणींच्या शेवटाकडे मामांनी लिहिले होते: ‘आमची सौ. ही स्वभावाने’, मग तीन प्रश्नचिन्हे, मग एक ‘ळ’, आणि मग ‘आहे, हे मला चाळीस वर्षांनी कळले.’ तेवढा एक शब्द मामांनी उठून दिसावा म्हणून भलत्याच फॉन्टात टाकला असावा. ‘ळ’ बहुधा दोन्ही फॉन्टांत एकाच घरात राहणारा, म्हणून बचावला.

मामेभाऊ एका क्षणात म्हणाला, “प्रेमळ.” पुस्तक वर्षश्राद्धाला काढायचे होते, त्याला घाई होती. त्याची मुलगी म्हणाली, “खट्याळ असेल. आजोबा आजीला चिडवायचे.” मी शब्दांचा विचार करू लागलो तर ‘ळ’ने संपणारे एकेक भयंकर शब्द रांगेने पुढे येऊ लागले. वाचाळ. खोडसाळ. ओंगळ. मराठी भाषा किती समृद्ध आहे हे अशा वेळी कळते. शिवाय ‘चाळीस वर्षांनी कळले’ हे कोडे होतेच. माणूस प्रेमळ आहे हे कळायला चाळीस वर्षे लागतात का? लागतातही. दुसरीकडे, वाचाळ आहे हे कळायला चाळीस मिनिटे पुरतात.

मामेभाऊ आणि मी रात्री ओट्यावर यावर भांडलो. माझे म्हणणे, आपल्याला शब्द ठाऊक नाही. भरला तर तो आपला होईल, मामांचा नाही. त्याचे म्हणणेही काही कच्चे नव्हते. तो म्हणाला, “दोनशे ठिकाणी भरलंस तेव्हा तुझी नीती कुठे गेली होती? आणि हे बघ, आई ब्याऐंशी वर्षांची आहे. लोक पुस्तक वाचणार, त्या जागी भोक बघणार, हसणार. बाबांनी वाईट लिहिलं नसणार एवढं तर नक्की ना? मग चांगला शब्द टाकायला तुझं काय जातं?” खरेच माझे काय जात होते? ‘महाराष्ट्र’ भरताना आपण आठवत असतो आणि ‘प्रेमळ’ भरताना ठरवत असतो, असे काहीसे मी बोललो. पण ते बोलताना माझ्या डोळ्यांपुढे मामी होत्या. एका म्हातारीला नवऱ्याच्या तोंडचा एक बरा शब्द मिळू न देण्याइतकी अक्षरे पवित्र असतात का, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजही पुरते आहे असे नाही. तिऱ्हाईताच्या पुस्तकात मी कदाचित मामेभावाची बाजू घेतली असती.

सकाळी चहाच्या वेळी त्याने मामींनाच विचारले. सगळे समजावून सांगितले, फॉन्ट, घरे, प्रश्नचिन्हे. मामींनी शांतपणे ऐकून घेतले. दोन्ही उमेदवार ऐकले, ‘प्रेमळ’ आणि ‘खट्याळ’. माझ्या यादीतले मी सांगितले नाहीत. मग त्यांनी विचारले, “त्यांनी ‘ळ’ काढला होता का? ‘य’ नाही?”

मी म्हटले, “नाही मामी, ‘ळ’च आहे. स्पष्ट आहे.”

“मंग शाळेतल्यासारखं लिहिलं म्हणायचं,” असे म्हणून त्या पदराआड हसल्या. कशाला हसल्या ते मला कळले नाही. बशी खाली ठेवून म्हणाल्या, “राहू दे. माले ठाऊक शे.”

“मग सांग ना, आई, काय ते!” मामेभाऊ म्हणाला.

“तुले कसाले पाहिजे?” मामी म्हणाल्या आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

तेव्हा ठरले, की शब्द भरायचा नाही. पण प्रश्नचिन्हेही ठेवायची नाहीत. ‘स्वभावाने’च्या पुढे तीन प्रश्नचिन्हे छापली तर खुद्द मामांनाच शंका होती असे वाचणाऱ्याला वाटले असते. म्हणून मी तिथे तीन रिकामे चौकोन काढले आणि पुढे तो ‘ळ’ ठेवला. जळगावला परत आलो.

आठवड्याने धुळ्याहून छापखान्यातल्या मुलाचा फोन आला. चुणचुणीत मुलगा, कामाला चोख. म्हणाला, “काका, सगळं लागलं, फक्त पान ९१वर एका ठिकाणी अक्षरं उमटत नाहीयेत. तीन चौकोन येतायत. फॉन्ट बदलून बघू का?”

मी म्हटले, “नको. उमटलीत ती.”

“पण काका, वाचता येत नाही.”

“घरी ज्यांना वाचायचं आहे त्यांना येतं,” मी म्हटले, “तू छाप.”